कण्हेरीचं कुंपण

पाचगणीला माझ्या मावशीच्या घराला हायड्रेंजियाचं कुंपण होतं. एकेक गेंद फुलकोबीच्या गड्ड्याएवढा, निळा नाहीतर जांभळा, आणि पावसाळ्यात अशी गर्दी की पानं शोधावी लागत. लहानपणी सुट्टीत तिथं गेले की मी मनाशी ठरवून टाकायचे, माझं घर होईल तेव्हा त्याला असंच कुंपण असेल. मग माझं घर झालं, ते औरंगाबादला, हर्सूलच्या बाजूला, तुरुंगाच्या अलीकडच्या उघड्या माळावर. आजूबाजूला दगड, कुसळी गवत आणि लांबवर एक बाभळ. एवढं बघूनही जिला तिथं हायड्रेंजिया लावायची बुद्धी होते, तिच्या हट्टाबद्दल आणखी काय सांगायचं?

मावशीकडून वीस छाट आणले. ओल्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन, दोन एसटी बदलून. रस्त्याच्या बाजूला तारेच्या आत एका ओळीत लावले. ती बाजू पश्चिमेची, म्हणजे दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत उन्हाला दुसरा उद्योग नाही. सकाळी पानं ताठ असायची, दोनला माना टाकायची, संध्याकाळी पाणी घातलं की पुन्हा उठून बसायची. मी गोणपाटं बांधून सावली केली, बुडाशी उसाचं पाचट पसरलं, तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ दिलं नाही. माझे सासरे ओट्यावर बसून हा सगळा खटाटोप बघायचे. मी त्यांना मामंजी म्हणायचे. सासूबाई गेल्यावर गंगापूरकडची शेती थोरल्या मुलाच्या हाती देऊन ते आमच्याकडे राहायला आले होते.

"सूनबाई," ते म्हणायचे, "ही लेक थंड मुलखातली. हिला इथं लई सासुरवास व्हतोय."

"मी पण तिकडचीच आहे. मी नाही का रुजले?" मी म्हणायचे. ते मिशीत हसायचे.

पहिल्या उन्हाळ्यात अकरा झाडं गेली, दुसऱ्यात सहा. उरली तीन. त्या पावसाळ्यात त्यांतल्या एकाला फूल आलं, लिंबाएवढं, विटक्या गुलाबी रंगाचं. निळेपणाचा त्यात मागमूस नव्हता, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला हाताला धरून दाखवायला नेलं. त्यानं चष्मा काढून पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे," आणि ऑफिसला गेला. चारच दिवसांनी एका सकाळी बाहेर येऊन बघते तर तारेखालून दोन शेळ्या आत. तिन्ही झाडं बुडापासून ओरबाडलेली. मी खराटा घेऊन धावले आणि तोंडाला येईल ते बोलले. "मरत का नाहीत मेल्या एकदाच्या," असंही बोलले. राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

शेळ्यांच्या मागून त्यांची मालकीण आली. चाळिशीची, उंच, खांद्यावर काठी, पदर डोक्यावरून घेतलेला. ती भांडली नाही. खाल्लेल्या बुंध्यांशी वाकून बसली, एका बुंध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वयनी, चुकलं माझं." दुसऱ्या दिवशी पाटीभर लेंडीखत घेऊन हजर झाली. मी ओशाळले. तेव्हापासून मी तिला अक्का म्हणू लागले.

अक्काचा नवरा वारला होता. मूलबाळ नव्हतं. दीर-जाऊ सिल्लोडकडच्या एका खेड्यात, आणि ही हर्सूलच्या तळ्याखाली एका झोपडीत एकटी, नऊ शेळ्यांसोबत. दीर दर दोन-चार महिन्यांनी यायचा आणि गावी चल म्हणून मागं लागायचा. एकट्या बाईनं असं राहणं त्याला बरं वाटत नव्हतं, आणि शेळ्या त्याला हव्याच होत्या. अक्का जात नव्हती. मी एकदा विचारलं तर सरळ म्हणाली, "तिथं माझ्या हाताला चूल नाय वयनी. जावंनं वाढलं तर खायाचं. ह्या नऊजणी हायत म्हणून म्या माझ्या तव्यावर माझी भाकर भाजते. ह्या गेल्या की मी गेले." हे ती हसत म्हणाली होती. नवऱ्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या मला तिचा थोडा हेवाच वाटला.

मामंजींचं आणि तिचं लगेच जमलं. ती त्यांना आबा म्हणायची. त्यांच्या गावी उन्हाळ्यात रानात मेंढरं बसवायची पद्धत. कापणी झालेल्या शेतात मेंढपाळाचा कळप दोन-चार मुक्काम करतो, रान खतावतं, शेतकरी धान्य देतो. मामंजी म्हणायचे की ह्या व्यवहारात कागद नसतो, सगळं इमानावर. मेंढपाळ आपली जित्राबं परक्याच्या रानात निजवतो, त्याच्या हातचा चारा खाऊ घालतो. चाऱ्यात काही होतं असा नुसता बोभाटा झाला तरी त्या शेतकऱ्याच्या बांधाला पुन्हा मेंढरू शिवत नाही. काठ्या निघतात, डोकी फुटतात, आणि पुढच्या पिढीतही त्या घराकडे बोट दाखवलं जातं. त्यांच्या चुलत्यावर असा आळ आला होता. खरा की खोटा ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

तीच पद्धत आमच्या फाटकाशी सुरू झाली. अक्का आठवड्याला पाटीभर खत आणून टाकायची. मी बागेतलं कापलेलं गवत, भाज्यांची देठं, मटारची टरफलं फाटकाबाहेरच्या फरशीवर ठेवायचे. सकाळी दहाच्या सुमाराला घंट्या वाजत, अक्काची हाक येई, "वयनी, नेऊ का?" आणि मी आतूनच म्हणे, "घ्या घ्या, तुमचंच आहे."

कुंपणाचा प्रश्न मामंजींनीच सोडवला. गंगापूरला गेले आणि येताना शेताच्या कडेच्या महादेवाच्या देवळामागची कण्हेर तोडून घेऊन आले, भलामोठा भारा, सुतळीनं बांधलेला. "हिला ऊन लागतंच," म्हणाले. "पाणी नसलं तरी जगती. बारमाही फूल. आन् शेळी हिला तोंड लावत नाय. चीक तेवढा डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा, हिच्या काडीनं दात घासू नका. बाकी काय नाय."

मला कण्हेर नको होती. देवळामागं, ओढ्याकाठी वाढणारं झाड, त्याचं कसलं कौतुक? पण तिनं माझा नकार ऐकून घेतला नाही. महिन्यात सगळ्या काड्या फुटल्या. दुसऱ्या वर्षी माझ्या खांद्याला लागल्या, तिसऱ्या वर्षी डोक्यावर गेल्या. त्या उन्हात, जिथं माझी वीस झाडं तडफडून मेली, तिथं ही बया भर वैशाखात गुलाबी फुलांनी लदबदून उभी. अक्काच्या शेळ्यांचं खत तिला मानवलं होतं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी खूश व्हायला हवं होतं आणि होतही होते, तरी दुपारी खिडकीतून त्या हिरव्या-गुलाबी भिंतीकडे पाहिलं की मला अंगावर आल्यासारखं वाटायचं. इतकं सुखानं वाढणाऱ्या झाडाचा मला का कोण जाणे भरवसा वाटत नव्हता.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. कुंपणाच्या बाहेर रस्त्याकडेचं सगळं गवत शेळ्या जमिनीबरोबर कुरतडून टाकायच्या, पण कण्हेरीला लागून हातभर रुंदीचा एक पट्टा तसाच राहायचा. तिथलं गवत चांगलं गुडघाभर होतं. त्यात एकही शेळी तोंड घालत नव्हती. मी अक्काला दाखवलं. ती म्हणाली, "जनावराला कळतं वयनी. माणसालाच सांगावं लागतं." हे वाक्य मला फार आवडलं. ते मी पुढं बऱ्याच जणांना ऐकवलं.

पहिल्यांदा कुंपण छाटलं ते चौथ्या वर्षीच्या थंडीत. काड्या वाळवल्या आणि सरपण म्हणून अंघोळीच्या बंबात घातल्या. एवढं लाकूड फेकायचं कशाला, हा माझा काटकसरी विचार. मामंजी सकाळी बंबाशी शेकत बसायचे. त्या दिवशी अर्ध्या तासानं उठले ते भेलकांडत. उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडलीच नाही. काय जाळलंत, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कण्हेरीचं नाव सांगितलं. मामंजी दोन दिवसांत सावरले. उठून बसल्यावर पहिलं वाक्य बोलले ते हेच, "सूनबाई, ही वाळली म्हंजी मेली असं समजू नका. वाळल्यावर बी ती तीच असती."

तर हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

पुढचा पावसाळा रडतखडत आला. आषाढात दोन चांगले पाऊस झाले आणि मग पावसानं ओढ दिली. श्रावण कोरडा. माळावरचं गवत पिवळं पडलं, तळ्याकडच्या वावरांत ज्वारी वीतभर वाढून तिथंच करपत थांबली. अक्काच्या शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे बागेत गवत हिरवं होतं, आणि रोज दहाच्या आधीच फाटकाबाहेर घंट्या वाजू लागल्या. शेळ्या फरशीशी येऊन उभ्या राहायच्या आणि दाराकडे बघायच्या. ते बघणं मला नको व्हायचं.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. घरी वीस माणसं जेवायला येणार. मी कुंपण छाटलं आणि छाटलेले फाटे आतल्या बाजूला कुंपणाच्या बुडाशी पडू दिले. कचऱ्याची गाडी येईल तेव्हा देऊ, असा विचार. गाडी आली नाही. पाच दिवस ते फाटे कडकडीत उन्हात पडून राहिले. पानं गळून सुकली, वळून बारीक झाली, त्यांचा कडूपणाचा उग्र वास गेला आणि वाळल्या गवतासारखा गोडसर वास यायला लागला. सहाव्या दिवशी सकाळी मी अंगणातलं गवत कापलं, दाताळं घेतलं आणि सगळं एकत्र ओढलं. काड्या बाजूला काढल्या. पानं गवतात गेली.

पाटी फरशीवर रिकामी केली तेव्हा ढिगात वर एक सुकलेलं गुलाबी फूल दिसलं. मी वाकले. ही पानं निवडायला हवीत, असं मला स्पष्ट वाटलं. तेवढ्यात आतून मामंजींनी हाक मारली, "नळ आला!" त्या दिवसांत नळ एक दिवसाआड यायचा, तोही तासभर, आणि प्यायचं पाणी तेवढंच. वीस माणसांचा स्वयंपाक डोळ्यांसमोर. शेळी हिला तोंड लावत नाही, जनावराला कळतं, असं मनाशी म्हणत मी आत पळाले. हंडे भरत असताना घंट्या वाजल्या. "वयनी, नेऊ का?" अक्का ओरडली.

"घ्या घ्या, तुमचंच आहे," मी म्हणाले. हातातली कळशी भरली नव्हती.

दुपारी तीनच्या आसपास अक्का अनवाणी धावत आली. डोक्यावर पदर नव्हता. "आबा, चला, माझ्या पोरी पडल्या." मामंजींनी काठी घेतली. त्यांच्या मागं मीही निघाले. तोवर मला सगळं कळलं होतं.

तळ्याच्या काठी, करपलेल्या ज्वारीच्या वावराला लागून शेळ्या पडल्या होत्या. दोन तेवढ्या उभ्या होत्या, माना खाली घालून. बाकीच्यांच्या तोंडाला फेस, पाय झाडत होत्या, आणि मधेच पाय झाडणं थांबायचं. मामंजींनी ताक आणवलं, चिंचेचं पाणी करवलं, नळकांड्यानं घशात ओतलं. जनावरांच्या डॉक्टरकडे माणूस पाठवला. अक्का एकीचं डोकं मांडीवर घेऊन तिला नावानं हाका मारत होती. ती शेळी गाभण होती. मी ताकाचं भांडं धरून उभी होते.

मामंजींनी एका शेळीचा जबडा उघडला, दोन बोटं आत घालून चघळलेला चोथा बाहेर काढला आणि तळहातावर पसरला. मी शेजारीच होते. हिरव्या लगद्यात अरुंद, लांब पानाचा एक तुकडा होता, मधोमध सरळ पांढरी शीर. मामंजींनी मूठ मिटली. माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"काय खाल्लंय आबा?" अक्कानं विचारलं.

"कवळी ज्वारी लागली," मामंजी म्हणाले. "पावसानं ताण दिला की करपल्या ज्वारीत इख उतरतं. तुला ठाव नाय व्हय?"

"ठाव हाय की. म्या आत घातल्या नायत. कडंकडंनं आणल्या."

"घुसल्या असतील. तुझी नजर चुकली आसंल."

"नाय आबा..."

"मग मी काय खोटं बोलतो?"

जन्मभर शेती केलेल्या माणसापुढं अक्का काय बोलणार? डॉक्टर आला तोवर सात गेल्या होत्या. मामंजींनी निदान सांगितलं, ज्वारीचं वावर समोरच होतं, त्यानं मान डोलावली.

घरी आल्यावर मामंजी मोरीत हात धूत राहिले. मी दारात उभी राहून म्हणाले, "मामंजी, तिला सांगायला हवं."

"काय सांगायचं?" त्यांनी वळून पाहिलं नाही. "की आमच्या हातचा चारा खाऊन मेल्या? ह्या घराचं नाव माळावर कुणी घेणार नाय. चुलत्यापायी माझ्या बापानं वीस वर्षं मान खाली घातली. सांगून जित्या व्हणार हायत का?"

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला आपण काही मदत करू. पण हे बोलू नकोस." मी बोलले नाही. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, झोपडी दहा मिनिटांवर होती, आणि तोंडाळ म्हणून माझी ख्याती. मी घाबरले, एवढंच खरं कारण. अक्काच्या डोळ्यांत माझ्याबद्दल जे होतं ते जाईल याची मला भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी तिचा दीर आला. मी धान्याची पिशवी घेऊन झोपडीपाशी गेले तेव्हा तो चार माणसांदेखत तिला बोलत होता. "नऊ शेळ्या राखता येईनात? ज्वारीत घातल्या? लेकराला बी कळतं हे." अक्का म्हणाली, "म्या घातल्या नायत." तो म्हणाला, "मंग त्यो म्हातारा लबाड हाय व्हय?" अक्कानं माझ्याकडे पाहिलं, जणू मी मामंजींच्या शब्दाला साक्ष द्यायला आलेय. मी पिशवी खाली ठेवली. त्यानंतर ती वाद घालेनाशी झाली. मला वाटतं, तिथंच तिनं ते मान्य केलं. आपलीच नजर चुकली, हे तिनं एकदा धरलं, मग तिच्याकडे दिराला नाही म्हणायला काही उरलं नाही. शेळ्या माझ्या पानांनी मारल्या. तिची खात्री मात्र आम्ही तिघांनी मिळून मारली, ठरवून, शुद्धीवर असताना.

महालक्ष्म्या झाल्या. वीस माणसं जेवली, कुंपणाचं कौतुक केलं. मी कण्हेर मुळापासून काढून टाकते म्हणाले तेव्हा मामंजी म्हणाले, "आत्ता काढली तर लोक इचारतील."

गावी जायच्या दिवशी अक्का निरोप घ्यायला आली. दीर उरलेल्या दोन शेळ्या घेऊन रस्त्यावर उभा होता, दोऱ्या त्याच्या हातात. अक्काचा हात मोकळा होता आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं. मी आत बोलावलं तर आली नाही. फाटकाशीच उभी राहिली. मी चहा आणला, तो तिनं उभ्यानंच प्यायला.

"वयनी, एक सांगू? राग धरू नका."

"बोला ना."

"त्या दिशी माझ्या मनात पाप आलं व्हतं. वाटलं, सकाळच्याला तुमच्या इथलं खाल्लं, त्यात तर काय नसंल? दोन राती त्योच इचार. बरं झालं आबांनी डोळ्यांदेखत सांगितलं. न्हाय तर म्या तुमच्यासारख्या माणसावर आळ घेऊन बसले असते." तिनं कप फरशीवर ठेवला आणि दोन्ही हात जोडले. "तेवढी माफी करा."

कुंपण फुललेलं होतं. दीर रस्त्यावरून हाका मारत होता. आता बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणत होते, ते मला अजून ऐकू येतं.

"असू द्या अक्का," मी म्हणाले. "माझ्या मनात काही नाही."

मी तिला माफ केलं.